वाघमुख्या राक्षस आणि गंगापूर रोडचा बिबट्या

आमच्या नाशिकच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या एक चित्र फिरतंय. डोकं वाघाचं, अंगात उंची झगा, हातात पाइप, खाली नाव 'राक्षस'. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, सोंग घेऊन गोष्ट रंगवायच्या खेळातलं. एकाचा पोरगा कॉलेज रोडच्या कॅफेत हा खेळ खेळायला लागला आणि बापाला एकदम संस्कृती आठवली. देवीचं वाहन, राष्ट्रीय प्राणी, गोऱ्यांनी त्याला राक्षस केलं, बंदी घाला! वर मला टोमणा: "तू तिकडे तेच खेळतोस ना? मग गप्प का?"

खेळतो. दर गुरुवारी, जर्मनीत बोखुमला, फेराइनच्या, म्हणजे इथल्या क्लबच्या, खोलीत. आणि गप्प नाही, वैतागलोय.

पंचवटीत वाढलेल्यांनी तरी राक्षसांबद्दल इतकं हळवं होऊ नये. शूर्पणखा, खर, दूषण, सगळे आपल्याच शेजारचे. मारीचाने हरणाचं सोंग घेतलेलं चालतं ना? वाल्मीकींनी सुंदरकांडात सीतेभोवतीच्या राक्षसींचं वर्णन करताना डुकराच्या, हरणाच्या, वाघाच्या, रेड्याच्या तोंडाच्या अशी यादीच दिली आहे. म्हणजे वाघमुखी राक्षसी अशोकवनात आधीच बसलेली होती. अमेरिकेने केलं काय, तर 1975 मध्ये राक्षस खेळात आणला, 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअल या खेळाच्या पुस्तकात चित्रकार डेव्हिड ट्रॅम्पियरने त्याला वाघाचं डोकं आणि पाइप दिला, आणि पुढच्यांनी तोच साचा गिरवला. आळशीपणा म्हणा हवं तर. अपमानच शोधायचा असेल तर साध्या वाघाकडे बघा. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या पुस्तकात त्याला 37 हिट पॉइंट (म्हणजे जीव), चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड ते) 1. राक्षसाचं 13. चार नवशिके मिळून आपल्या राष्ट्रीय प्राण्याला लोळवू शकतात, त्यावर ग्रुपवर अवाक्षर नाही.

आणि त्याच ग्रुपवर, त्याच बापाने, गंगापूर रोडच्या बंगल्याच्या भिंतीवरून जाणाऱ्या बिबट्याचा व्हिडिओ टाकून लिहिलं होतं, "गोळ्या घाला एकदाच्या." कागदावरचा वाघ पूज्य, कुंपणावरचा नको.

इकडेही लांडग्यावरून भांडणं आहेतच. 2000 च्या सुमारास ते पूर्व जर्मनीतल्या लाउझिट्समध्ये परत आले तेव्हापासून. पण मेंढी मेली की डीएनए तपासतात, भरपाईचा कागद निघतो. (भरपाई आपला वनविभागही देतो, ते मी इथल्या टेबलावर सांगत नाही.) टेबलावर मी वाघबारस सांगतो. आपल्या जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यात वसुबारसेच्या दिवशी गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. लाकडावर किंवा दगडावर वाघ कोरलेला, सोबत चंद्र-सूर्य. एखादं पोरगं वाघ होतं, बाकीची त्याला पळवत विचारतात, आमच्या शिवारात येशील का? फासे नाहीत, रूलबुक नाही, तरी रोलप्लेच. जर्मन मंडळी माना डोलावतात, कुणीतरी वहीत टिपून घेतं.

मी वाघबारस पाहिलेली नाही. दिवाळीत आम्ही रविवार कारंजाला फटाके घ्यायचो. वणीच्या गडापलीकडे, सुरगाण्याच्या पाड्यांवर, कधी पाय ठेवला नाही. बोखुमला मात्र अख्ख्या सुरगाण्याचं वकीलपत्र माझ्याकडे. आणि त्या वाघाच्या डोक्यावर इथे पहिली हरकत घेतली ती मीच. ग्रुपवरचा बाप म्हणतो जवळपास तेच, फक्त जर्मनमध्ये आणि आवाज न चढवता. चांगलं वाटलं होतं. एरवी या खोलीत माझ्या बोलण्याने काही बदलत नाही, पफांडच्या (अनामत परत मिळणाऱ्या) बाटल्या कोणी परत न्यायच्या तेसुद्धा नाही. त्या दिवशी सगळे थांबले आणि डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) नवा राक्षस मलाच बनवायला सांगितला.

मी बनवला. वाघाचं डोकं नाही. द्राक्षांचा व्यापारी आहे, गोड बोलतो, बागेतला माल उचलतो आणि पैसे द्यायच्या दिवशी गायब होतो. चॅलेंज रेटिंग 13 च ठेवलंय. डीएमला जास्त वाटलं. निफाडच्या कुठल्याही बागायतदाराला कमी वाटेल.