‘कॅमेरा कारणही सांगतो’ म्हणे! त्या मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. सोबत फोटो: हिरवा सर्किट बोर्ड आणि त्याच्या एका कोपऱ्यात निखाऱ्यासारखा लाल-पिवळा डाग. खाली मजकूर असा, की नवा एआय कॅमेरा 99 टक्के अचूक आहे, तो नुसतं ‘रिजेक्ट’ म्हणून थांबत नाही तर लाल रंगात कारणही दाखवतो, त्यामुळे भिंगाच्या दिव्याखाली बसून बोर्ड तपासणाऱ्यांची आता गरज उरलेली नाही. मला हा मेसेज चार जणांनी पाठवला, त्यातले दोन मालक. शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरचे बोर्ड भरून देणाऱ्या एका छोट्या युनिटची क्वालिटी मी बघतो, तेव्हा उत्तर देणं आलंच.

आधी ते 99 टक्के. हजार बोर्डांत पाच खराब निघत असतील, तर डोळे मिटून सगळ्यांवर ‘ओके’चा शिक्का मारणारा माणूसही 99.5 टक्के अचूक ठरतो. त्याला पगार कोण देईल? विचारायचं ते एवढंच, की खराब पाचांतले किती सुटले आणि चांगल्यांतले किती उगाच अडवले. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही.

आता ‘कारण दाखवतो’. खरी गोम इथं आहे.

असा डाग बऱ्याचदा ग्रॅड-कॅम नावाच्या, 2017 साली आलेल्या पद्धतीने काढतात. निकाल देताना फोटोच्या कुठल्या भागाचं वजन जास्त पडलं, एवढं ती सांगते. तेही ढोबळ. रेझनेटसारखं फोटो ओळखणारं नेहमीचं मॉडेल 224 बाय 224 पिक्सेलचा फोटो घेतं आणि शेवटच्या थरात त्याचे 7 बाय 7 चौकोन उरतात. डाग त्या 49 चौकोनांवरून ताणून, गुळगुळीत करून रंगवलेला असतो. फोटोत 40 मिलिमीटर रुंदीचा बोर्ड मावत असेल, तर एक चौकोन साडेपाच मिलिमीटरच्या पुढे जातो. आमच्या बोर्डवरचा 0402 मापाचा रेझिस्टर एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद. म्हणजे एका चौकोनात असे कितीतरी बसतील. (डेमोत हे कोणी सांगत नाही. रंग मात्र झकास दिसतात.)

समजा, डाग अगदी नेमक्या जागी पडला. तरी काय होतं ते आम्ही भोगलंय. मागच्या पावसाळ्यात अशीच एक सिस्टिम चाचणीला घेतली होती. ड्राय सोल्डरचे, म्हणजे सोल्डरने सांधा नीट न धरलेले, जुने रिजेक्ट बोर्ड आणि चांगले बोर्ड, दोन्हींचे फोटो देऊन तिला शिकवलं. लाल डाग बरोबर त्या-त्या सांध्यावर पडायचा. सगळे खूश, मीसुद्धा. तिसऱ्या दिवशी रिवर्क टेबलावर खराब बोर्ड दुरुस्त करणाऱ्या ताई चहाचा कप घेऊन स्क्रीनपाशी आल्या, दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, हे माझ्या ब्रशचे डाग हायत की ओ.”

झालं होतं असं. ज्या सांध्याची शंका येते तो ताई आधी आयपीए या सफाईच्या अल्कोहोलात बुडवलेल्या ब्रशने पुसतात, मग भिंगाखाली धरतात. सोल्डरसोबत वापरलेलं रसायन, म्हणजे फ्लक्स, अर्धवट विरघळून वाळला की सांध्याभोवती पांढरट साय धरते. रिजेक्ट ठरलेला जवळजवळ प्रत्येक बोर्ड असा पुसलेला होता. चांगल्या बोर्डांना कोणी ब्रश लावलाच नव्हता. मॉडेलने ड्राय सोल्डर सोडून ती साय पाठ केली होती. ताईंनी तिथल्या तिथं एक चांगला बोर्ड उचलला, त्यावरचा एक धडधाकट सांधा पुसला, वाळू दिला आणि बोर्ड कॅमेऱ्याखाली सरकवला. रिजेक्ट! लाल डागही त्याच सांध्यावर.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा भाव का पाडला असं विचारलं, तर व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग तुमच्यासमोर धरतो. पटलं नाही तर तुम्ही दुसरं मोडता. हे झालं कारण. कॅमेऱ्याचा डाग म्हणजे पोत्याकडे केलेलं बोट. तरी एक कबूल करतो: ताईंची नजर त्या जागी गेली ती या बोटामुळेच. नुसतं ‘रिजेक्ट’ आलं असतं तर घोटाळा महिनोन्‌महिने कळला नसता.

डाग काढायच्या सगळ्या पद्धती सारख्या नसतात, हीही एक भानगड. 2018 सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात मॉडेलने शिकलेलं सगळं मुद्दाम पुसून तिथं वाटेल ते आकडे भरले. तरी काही पद्धतींची चित्रं जवळपास पहिल्यासारखीच आली. ग्रॅड-कॅम त्या कसोटीला उतरली, काही नावाजलेल्या पद्धती उतरल्या नाहीत. तेव्हा विकणाऱ्याला पद्धतीचं नाव विचाराच.

राहिला ‘माणूस नको’. बीजीए प्रकारच्या चिपचे सांधे तिच्या पोटाखाली असतात, तिथं वरच्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही, एक्स-रे लागतो. शिशाच्या सोल्डरचा सांधा चकचकीत असतो, बिनशिशाचा मळकट, दाणेदार. पहिल्यावर शिकवलेलं मॉडेल दुसरा चांगला सांधाही अडवू शकतं, वर त्याच्यावर छान लाल डाग काढून देईल. शिवाय भरलेले बोर्ड पारखायच्या आयपीसी-ए-610 या मानकात तीन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गात चालून जाणारा सांधा तिसऱ्यात, म्हणजे जीव राखणाऱ्या यंत्रांच्या वर्गात, बाद होऊ शकतो. कुठला वर्ग लावायचा ते गिऱ्हाईक आणि आपण मिळून ठरवतो.

त्या दोन्ही मालकांना मी सांगितलंय: कॅमेरा जरूर बघा, पण डेमोला बोर्ड आपले न्या. फोटोतला लाल डागाखालचा भाग झाकून पुन्हा निकाल मागा. तरीही ‘रिजेक्ट’ जसंच्या तसं आलं तर तो डाग शोभेचा समजा. आणि चार चांगले बोर्ड ब्रशने पुसून लॉटमध्ये मिसळा. आमचे पुसलेले बोर्ड ताईंच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत. कोणाला हवे असतील तर घेऊन जा, पण ताईंच्या वहीत सही करून.