‘इतर’ या रकान्यातले संशोधन

आज दुपारी माझा वार्षिक मूल्यमापनाचा अर्ज परत आला. वर्षभरातल्या सात लेखनांपैकी सहा मान्य झाली होती आणि सातव्यापुढे शून्य गुण होते. शेजारी शेरा होता, ‘प्रसिद्धिपर लेखन, संशोधन नव्हे’. हे सातवे लेखन म्हणजे संख्याशास्त्रातल्या पी-मूल्याविषयी मी ब्लॉगवर मराठीत लिहिलेला दीर्घ लेख. तुमच्यापैकी अनेकांनी तो वाचला आहे, काहींनी त्यातल्या चुकाही काढल्या आहेत, त्यामुळे त्यातून मला किती प्रसिद्धी मिळाली हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

खरे तर अर्ज भरतानाच शंका यायला हवी होती. लेखनाच्या प्रकारांत नियतकालिक, परिषद, पुस्तक, पुस्तकातले प्रकरण आणि सर्वांत शेवटी ‘इतर’ असे पर्याय होते. ‘इतर’ निवडताच डीओआयचा, म्हणजे प्रकाशित लेखनाला मिळणाऱ्या कायमच्या ओळख-क्रमांकाचा, रकाना लाल झाला आणि तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडेना. मी त्यात एक टिंब टाकले. ते मात्र विनातक्रार स्वीकारले गेले. भाषेसाठी तर रकानाच नव्हता! संशोधन कुठल्या तरी भाषेत लिहावे लागते, हे अर्ज तयार करणाऱ्यांच्या गावीही नसावे.

तो लेख लिहिताना मी पहिल्याच परिच्छेदात एका शब्दाशी अडले होते. ‘सिग्निफिकंट’साठी आपल्याकडे ‘सार्थक’ हा प्रतिशब्द रूढ आहे. ‘दोन गटांतला फरक सार्थक आढळला’ असे वाक्य मी लिहिले आणि हात थांबला, कारण वाचणारा त्याचा अर्थ सरळ ‘फरक महत्त्वाचा आहे’ असा घेणार. पी-मूल्य तसे काहीच सांगत नाही. मुळात फरक नाहीच असे गृहीत धरले, तर हाती आला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढेच ते सांगते. नमुना पुरेसा मोठा घेतला तर क्षुल्लक फरकही ‘सार्थक’ ठरतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली निवेदन काढून हेच बजावले होते. ते मी वाचले होते, वर्गात शिकवलेही होते. तरीही माझ्याच दोन जुन्या शोधनिबंधांत ‘सिग्निफिकंट’ म्हणता म्हणता मी ‘महत्त्वाचा’कडे घसरले होते, हे ते मराठी वाक्य लिहीपर्यंत मला दिसले नव्हते.

याला प्रसिद्धी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

ब्लॉगवर संशोधन होते का, हे गणितज्ञांना विचारून पाहावे. टिमोथी गॉवर्स यांनी २००९ साली आपल्या ब्लॉगवर एका अवघड प्रमेयाची नवी सिद्धता शोधण्याचा प्रश्न सर्वांपुढे ठेवला आणि अनेकांनी मिळून तो सोडवता येईल का, असे विचारले. काही आठवड्यांतच मार्ग सापडला. शोधनिबंध ‘डी. एच. जे. पॉलिमॅथ’ या सामूहिक नावाने ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये २०१२ साली आला, पण विचार कुठे झाला होता? जीवशास्त्रात तर ब्लॉगने पहारेकऱ्याचे काम केले. फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरणाऱ्या जिवाणूचा दावा डिसेंबर २०१० मध्ये ‘सायन्स’ने छापला आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफिल्ड यांनी काही दिवसांतच ब्लॉगवर त्याची चिरफाड केली. त्या शोधनिबंधाचे रीतसर समीक्षण झाले होते, हे विसरू नका. तो मागे घेतला गेला २०२५ मध्ये.

ब्लॉगवर कचराही भरपूर असतो, मान्य. दुवे मरतात, हेही मान्य. माझ्या पहिल्या ब्लॉगची सेवा बंद पडली तेव्हा सगळे लेख गेले, आणि प्रती ठेवल्या नव्हत्या हा दोष माझाच. पण यावर उपाय आहेत. फ्रान्समधल्या ‘हायपोथेसेस’ या मंचावर मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांचे अभ्यासक फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा भाषांत लिहितात आणि तिथल्या ब्लॉगांना नियतकालिकांसारखा आयएसएसएन क्रमांकही मिळतो. ते जतन करण्याजोगे लेखन आहे असे तिथे कुणीतरी ठरवले, इतकाच काय तो फरक.

शेरा लिहिणाऱ्याचा राग आता थोडा निवळला आहे. त्याच्यापुढे शेकडो नोंदी असतील, वेळ थोडा असेल, आणि मीही कधीकाळी दुसऱ्यांच्या अर्जांवर असेच भरभर शेरे मारले आहेत. पण त्याने दुवा उघडून लेखाच्या तळाच्या प्रतिक्रियांपर्यंत जायला हवे होते, कारण खरा लेख तिथे आहे. तिसऱ्या दिवशी इतिहासाच्या एका अभ्यासक बाईंनी तिथे विचारले होते, ‘‘वाळवी, आग आणि वारसांचा निष्काळजीपणा यांतून जी पत्रे बचावली, तेवढीच आमच्या हाती येतात. यात यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावा तसा, नमुना कुठे आहे? मग तुमचे हे मूल्य नेमके कशाचे?’’

मी तेव्हा एका सहकाऱ्यासाठी जुन्या नोंदवह्यांतल्या आकड्यांवर हीच पी-मूल्याची चाचणी चालवत होते. त्या रात्री ते काम थांबवले. मान्य झालेल्या सहा शोधनिबंधांच्या समीक्षकांपैकी एकानेही मला असा प्रश्न विचारला नव्हता. विचारणार तरी कसे, ते सगळे माझ्याच विषयाचे, माझ्याच सवयींत मुरलेले. आणि इंग्रजी नियतकालिकात छापलेला माझा लेख त्या बाईंपर्यंत पोहोचला असता, अशी शक्यता मला तरी दिसत नाही. बहुभाषिक विद्वत्तेचा पुरस्कार करणारा हेलसिंकी पुढाकार २०१९ साली जाहीर झाला, त्याचे कौतुक भाषणांतून होतच असते. आमच्या अर्जात मात्र अजून भाषेचा रकाना यायचा आहे.

फेरविचारासाठी उद्यापर्यंत मुदत आहे. त्या चर्चेची संपूर्ण प्रत जोडून तोच लेख पुन्हा ‘इतर’मध्ये पाठवणार आहे. त्याआधी बाईंचा नवा प्रश्न दोन दिवसांपासून पडून आहे: हरवलेल्या पत्रांची संख्या उरलेल्या पत्रांवरून अजमावता येते का? उत्तराचे दोन परिच्छेद लिहून झाले आहेत आणि तिसऱ्यात मी पुन्हा एका शब्दाशी अडले आहे.