एक्सलचा बूट फाटला म्हणजे एक्सल संपला?

गाड्यांच्या ग्रुपवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो. पुढच्या चाकाजवळचा एक्सलचा (गिअरबॉक्सकडून चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) रबरी बूट फाटून ग्रीस गळायला लागलं, की बूटच्या आतला जॉइंट गेलाच समजा. नुसता बूट बदलण्यात पैसे घालवू नका. वळताना आवाज येईपर्यंत गाडी चालवा आणि मग अख्खा एक्सल नवा टाका. तोवर फारच वाटलं तर फटीत सिलिकॉन भरा. हा सल्ला ऐकून लोक धडधाकट एक्सल भंगारात घालतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

«बूट फाटला म्हणजे जॉइंट गेला.»

बूट हे फक्त आवरण आहे. एक्सलच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकूनही फिरणारा सांधा असतो. बाहेरच्या, चाकाकडच्या जॉइंटमध्ये बहुतेक गाड्यांत सहा पोलादी गोळ्या असतात. त्या आपापल्या खाचांमधून फिरतात आणि चाक वळलेलं असतानाही त्याला एकसारखी गती देतात. त्यांचं सगळं आयुष्य ग्रीसवर अवलंबून असतं. बूट फाटला की फिरणारा एक्सल ते ग्रीस बाहेर भिरकावतो. रिमच्या आतल्या बाजूला आणि लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यावर) काळे फराटे दिसतात ते त्यामुळेच. पण फाटल्याच्या पहिल्या दिवसांत आत बरंच ग्रीस शिल्लक असतं. गोळ्या आणि खाचा तेव्हा सहसा शाबूत असतात. खरा घात पुढे होतो. धूळ-पाणी आत शिरतं आणि उरलेलं ग्रीस पॉलिश पेस्टसारखं पोलाद घासायला लागतं. म्हणजे फाटल्यानंतर गाडी किती आणि कशातून चालली, यावर सगळं ठरतं.

मुळात बूट फाटलाय का, तेही बघा. कधी नुसता बूट आवळणारा क्लॅम्प सैल झालेला असतो. आणि गिअरबॉक्सच्या बाजूला पातळ तेल ठिबकत असेल, तर दोष बहुधा ऑइल सीलचा, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल अडवणाऱ्या कडीचा असतो. त्यासाठी बूट बदलून काहीही साधणार नाही.

«आवाज येईपर्यंत चालवा.»

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू पुढे जाताना ‘कट-कट’ ऐकू येतं, याचा अर्थ खाचांमध्ये खड्डे पडले आहेत. त्यानंतर नवा बूट आणि नवं ग्रीस टाकूनही ते खड्डे भरत नाहीत. म्हणजे हा सल्ला आधी जॉइंट मरेपर्यंत थांबायला लावतो आणि मग ‘बघा, जॉइंट गेलाच होता’ म्हणतो! आतल्या बाजूचा, म्हणजे गिअरबॉक्सकडचा जॉइंट खराब झाला तर असा आवाज येईलच असंही नाही. बऱ्याचदा सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरते, एवढंच.

आणि आवाजाकडेही दुर्लक्ष केलं तर? जॉइंट तुटला की डिफरन्शियलमधली (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरमधली) ताकद त्या मोकळ्या बाजूला निघून जाते आणि गाडी जागची हलत नाही. ऑटोमॅटिक गाडी चढावर ‘पी’मध्ये टाकली तरी थांबून राहत नाही. तेव्हा फक्त हँडब्रेक उपयोगी पडतो.

«सिलिकॉन भरा.»

ग्रीस लागलेल्या रबरावर सिलिकॉन चिकटत नाही, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला घड्या उघडमिट करतात. एक्सल न काढता बसवायचा, चिकटवण्याचा जोड असलेला बूट मिळतो. त्याचा जोडही ग्रीसचा अंश राहिला तरी सुटतो. गॅरेजपर्यंत पोचायला ठीक, त्यापुढे नाही.

«मजुरी तेवढीच, मग नवाच एक्सल टाका.»

यात तथ्य आहे. हब नट (एक्सल चाकाच्या हबला धरून ठेवणारा नट) सोडवणं, लोअर बॉल जॉइंट (लोअर आर्मचा चाकाकडचा सांधा) मोकळा करणं, एक्सल बाहेर ओढणं, हे दोन्ही कामांत सारखंच. बूट बदलताना उलट जॉइंट उघडून धुण्याचं काम वाढतं. मजुरी महाग आणि चांगल्या दर्जाचा एक्सल परवडणारा असेल, तर अख्खा एक्सल टाकणं रास्तच आहे. माझी हरकत त्याला सरसकट नियम करण्याला आहे. स्वस्तातला नवा एक्सल काही वेळा बसवल्या दिवसापासून थरथरतो. गाडीबरोबर आलेला जॉइंट निरोगी असेल तर तो सांभाळावा, असं माझं ठाम मत आहे.

निरोगी आहे का, ते उघडल्यावरच कळतं. मेकॅनिकला जॉइंट तुमच्यासमोर धुवायला सांगा. गोळ्या निळसर पडल्या असतील, खाचेत नख अडकत असेल किंवा खड्डे दिसत असतील, तर बूटवर खर्च करू नका. पृष्ठभाग गुळगुळीत, नुसता चकाकणारा असेल तर नवा बूट बसवा. ग्रीस बूटच्या किटमधलंच आणि सगळं भरायचं. त्यात सहसा मॉलिब्डेनम डायसल्फाइड असतं, त्यामुळे हाताशी असलेलं कुठलंही ग्रीस चालत नाही. अनेक गाड्यांचा हब नट एकदाच वापरायचा असतो. तो नवा घ्या आणि मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळून घ्या. एक्सल बाहेर असताना गाडी त्या चाकावर टेकवू देऊ नका, हबचं बेअरिंग खराब होऊ शकतं.

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत असे चार बूट असतात. गाडी वर उचललेली आहे तोवर उरलेल्या तिन्ही बूटांच्या घड्या बोटांनी उघडून बघा. भेग खोल असेल आणि ग्रीस अजून आतच असेल, तर तो बूट बदलायची खरी वेळ तीच.