पहिली बेटी धनाची पेटी. आणि दुसरी?

थोरलीच्या वेळी "पहिली बेटी धनाची पेटी" हे इतक्या जणींनी ऐकवलं की मी मोजायचं सोडून दिलं. परवा धाकटीचं बारसं झालं. शंभरेक माणसं जेवून गेली, पण म्हण कुणालाच आठवली नाही. दुसऱ्या बेटीसाठी मराठीत म्हणच नसावी. (कुणाला माहीत असेल तर सांगा, पाळण्यावर लिहून लावते.)

आमच्यात 'मुलगाच हवा' असं आता उघडपणे कुणी म्हणत नाही. शिकलेली माणसं ना आम्ही! म्हणतात काय, "एक मुलगी आहेच, आता मुलगा झाला की चौकोनी कुटुंब." अहो, दोन मुली झाल्या तरी कोपरे चारच होतात!

डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. मी उघडली त्यात बर्फी निघाली. थोरलीच्या वेळीही बर्फीच निघाली होती आणि तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. या वेळी मावशी पटकन म्हणाली, "अगं, खेळ असतो तो नुसता."

आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझंही तोंड उतरलं. मुलग्याची हौस होती असं नाही. एकदाचे सगळ्यांचे प्रश्न संपावेत, एवढंच वाटत होतं. पण उतरलं खरं.

२०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारताबद्दलचा एक अभ्यास आला होता. पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या खेपेला १९९० साली हजार मुलग्यांमागे ९०६ मुली जन्मत होत्या, २००५ साली ८३६. पहिला मुलगा असलेल्या घरांत अशी घसरण नव्हतीच. आणि घसरण जास्त कुठे, तर आई दहा वर्षं किंवा जास्त शिकलेली आणि घर सुखवस्तू असेल तिथे. म्हणजे आमच्यासारख्यांकडेच की! अभ्यास आला त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात 'नकोशी' अशी नावं ठेवलेल्या २८५ मुलींची नावं बदलली, तेव्हा बातमी वाचून आम्ही केवढे हळहळलो होतो. त्या पोरींना नाव तरी मिळालं होतं, वाईट का होईना.

थोरलीच्या वेळी दवाखान्यातल्या आयाबाई "लक्ष्मी आली, साडी घेणार" म्हणून नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या. या वेळी हळूच म्हणाल्या, "मुलगी झाली, पण गोरी आहे हो." तो 'पण' नवऱ्याच्या असा डोक्यात गेला की तो तडक मिठाईच्या दुकानात गेला.

"मुलगा का?"

"मुलगी."

"मग बर्फी देऊ ना?"

"पेढेच द्या. दोन किलो."

बिल्डिंगमध्ये पेढे वाटले आणि दोन दिवस मुलगा झाल्याबद्दल अभिनंदनाचे फोन येत राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तर "बाळराजांसाठी" म्हणून निळं झबलं घेऊन आल्या. त्यांना खरं सांगितलं, तर बिचाऱ्या ओशाळल्या आणि बदलून आणते म्हणू लागल्या. नाही दिलं. आत्ता धाकटी तेच घालून झोपली आहे.