ड्रायव्हर फोनवर आहेत, कृपया शांतता राखा

गाडी चालवता चालवता फोनवर बोलणाऱ्याची तक्रार करावी का, हा प्रश्नच मुळी रिकामटेकड्या माणसाचा. आपल्याकडे त्याचा निकाल कधीचाच लागलेला आहे: "जाऊ द्या ना भाऊ, आपल्याले काय करा लागते!" परवा भरल्या काळीपिवळीत, म्हणजे आमच्याकडच्या वडाप जीपमध्ये, सगळ्या सीटांनी मिळून हाच निकाल मला ऐकवला. ड्रायव्हरनेही पलीकडच्या माणसाला "थांब बे, इथं एक साहेब तापले" एवढं कळवलं आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. तेव्हा तक्रारीची खाज ज्यांची अजून गेली नाही, त्यांच्या उपयोगी पडावेत म्हणून चार सल्ले.

सर्वांत आधी कलाकाराला दाद द्यायला शिका. काळीपिवळीच्या पुढच्या बाकावर ड्रायव्हरच्या उजवीकडे एक सीट, डावीकडे गिअरचा दांडा चुकवत पाय दुमडून बसलेल्या दोन सीटा. मधोमध आपला माणूस, तिरका. मान डाव्या खांद्यावर कललेली आणि तिच्या बेचक्यात फोन. मान डावीकडे कलली की उजवा आरसा नजरेतून जातो, पण आरशात पाहायचं तरी काय, तिथं उजव्या सीटचं डोकंच दिसतं. गिअर टाकायची वेळ आली की स्टिअरिंग मांडीने सांभाळायचं. खड्डा आला की फोन सुटतो. तो खाली पडून ब्रेकच्या पॅडलखाली अडकू नये म्हणून दोन्ही हात एकदम फोनकडे झेपावतात. बघा, ब्रेकची केवढी काळजी!

गणित तर अजिबात करू नका. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर कापते. कोणाचा फोन आहे हे बघायला, उचलायला आणि कानाला लावायला 4 सेकंद धरा. म्हणजे 67 मीटर. कबड्डीचं मैदान लांबीला 13 मीटर असतं. अशी पाच मैदानं गाडी कोणीही न बघता पार करते. मग समोर काहीतरी आहे हे ध्यानात यायला आणि पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद, आणखी 25 मीटर. त्यानंतर ब्रेक लागायला सुरुवात होते. तीही कोरड्या रस्त्यावर, टायरला नक्षी शिल्लक असेल आणि टपावर कोणी बसलेलं नसेल तर. दिवाळीनंतर आमच्या रस्त्यांवर एवढ्या अंतरात काय काय उभं असतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. कापसाची ट्रॉली, जिला मागे लाल दिवा नाही आणि वळताना इशारा नाही. चाऱ्याची बैलगाडी. आणि रोही, म्हणजे नीलगाय. रोही काही हॉर्न देऊन येत नाही.

"मी तर कानात बड घालून बोलतो, हात मोकळे आहेत" म्हणणाऱ्यांना तर सत्कारालाच बोलवा. चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि हात मोकळे ठेवून बोलणं फारसं सुरक्षित नाही हेही तीच सांगते. हात मोकळे होतात, डोकं अडकलेलंच राहतं. पण आरोग्य संघटनेला पुसदचा रस्ता काय माहीत.

कायदा वाचू नका, मन विटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने हातातला फोन नाव घेऊन घातला आहे. सिग्नल तोडण्याच्या पंगतीला बसवलाय त्याला: धोकादायक वाहन चालवणं. पहिल्या वेळी 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तर 10,000 रुपये किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय अशा चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 सालीच राज्यांना बजावलं होतं. परवाना निलंबित करायचा तर तो आधी काढलेला असावा लागतो, हा भाग वेगळा. ऑक्टोबर 2020 पासून रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला नियमात मोकळीक आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. तेव्हापासून पकडलेला प्रत्येक जण नकाशाच बघत असतो. ज्या दारव्हा–यवतमाळ रस्त्यावर त्याचा जन्म गेला, त्याच रस्त्याचा.

हेल्मेटात फोन खोचलेला मोटारसायकलवाला दिसला तर आनंद माना, निदान हेल्मेट तरी आहे.

व्हिडिओ काढायचाच म्हणता? मग तो स्वतः मोटारसायकल चालवत, एका हाताने, शेजारून काढा. म्हणजे रस्त्यावर एकाच्या जागी दोन फोन होतील. नंबर प्लेट त्यात येऊ देऊ नका. वरून एखादं दर्दभरं गाणं चढवा आणि पोलिसांच्या आधी गावच्या ग्रुपवर टाका. पाच मिनिटांत तो ड्रायव्हरपर्यंत पोचतो, दहाव्या मिनिटाला त्याचा मामेभाऊ तुमच्या दारात असतो.

आणि कामाचा व्हिडिओ हवा असेल तर तो चालवणाऱ्याने नाही, बसलेल्याने काढायचा असतो. दहा-पंधरा सेकंद, मध्ये न थांबवता: आधी हातातला फोन, तिथूनच समोरचा पळता रस्ता. "गाडी तर उभी होती" म्हणायची सोय मग उरत नाही. उतरल्याबरोबर नंबर प्लेट, एमएच 29 पासून शेवटच्या आकड्यापर्यंत पूर्ण. "पांढरी गाडी, मागं आईचा आशीर्वाद लिहिलेली" एवढ्यावर पोलीस काय शोधणार? अर्धा जिल्हा आईच्या आशीर्वादावरच चालतो. प्लेटवर चिखल असेल किंवा 4141 चा 'दादा' करून ठेवला असेल तर तेही टिपा, तो वेगळा गुन्हा आहे. मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो, 3 आणि 8 सारखेच दिसायला लागतात आणि फाइलच्या पोटातली वेळ हरवते. त्यामुळे वेळ, गाडी कुठून कुठे चालली होती, जवळचा फाटा किंवा किलोमीटरचा दगड, हे लगेच लिहून काढा. गाडी अजून धावतेय आणि ड्रायव्हर ऐकत नाही, तर पोलिसांना 112 लावा. पलीकडून पहिला प्रश्न "कुठे आहात" हाच येतो, तिथं "रस्त्यावर" असं उत्तर देऊ नका. अमरावती–अकोला किंवा वर्धा–यवतमाळसारखा राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033 ही महामार्गाची हेल्पलाइन पण आहे. मागाहून करायची तक्रार वाहतूक शाखेला, आणि भाड्याची गाडी असेल तर आरटीओला लेखी. पोच घ्या. पोच नाही तर अर्ज दिलाच नव्हता असं धरून चाला.

एवढं करूनही चलान चुकीच्या माणसाकडे जातं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. गाडी तीन हात फिरलेली असते, नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 कोणी भरलेले नसतात, त्यामुळे मेसेज नागपुरातल्या पहिल्या मालकाला जातो. तो बिचारा दंड बघून चक्रावतो. चालवत कोण होतं हे सांगायची जबाबदारी कलम 133 प्रमाणे मालकाची आहे, पण मालक कोण यावरच तर सगळं अडलेलं असतं. गाडी विकणाऱ्यांनो, एवढा तरी कागद करत जा.

लालपरीची तक्रार करणं म्हणजे तर घरच्या माणसावर बोट दाखवणं. त्यासाठी तिकीट जपून ठेवावं लागतं, बसचा नंबर आणि आगाराचं नाव लिहून घ्यावं लागतं, आगार व्यवस्थापकाला अर्ज द्यावा लागतो. इतकी मेहनत कोण करतो? दादर–स्वारगेट मार्गावरच्या प्रवाशांनी केली. मार्च 2025 मध्ये ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना फोनवर क्रिकेटचा सामना बघत होता, प्रवाशांनी व्हिडिओ काढून थेट परिवहन मंत्र्यांकडे धाडला. चालक कामावरून गेला, ज्या खासगी कंपनीचा तो होता तिला दंड बसला. तिथल्या प्रवाशांना जमतं. आपल्या बसमध्ये सामना चालू असता तर आपण "स्कोअर किती झाला भाऊ" विचारलं असतं.

मेळघाटात बोलायचं नाही. घाटात रेंज नसते, ती एखाद्या वळणावर अचानक येते आणि अडकलेले सगळे मेसेज एकदम टणटणतात. माणूस बघणारच ना, इतक्या वेळानं रेंज आली! वळण काय, पुढंही आहे.

शाळेच्या व्हॅनबद्दल मात्र मला गंमत सुचत नाही. 2011 च्या राज्याच्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत मुलांची सुरक्षित ने-आण बघायला मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी, तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. आपल्या शाळेतली समिती शेवटची कधी बसली, हे जाऊन विचारा. गॅदरिंगच्या मांडवाचा रंग ठरवायला जमता ना?

आता सगळ्यांत सोपा सल्ला. ड्रायव्हर बोलतो, पण त्याच्याशी बोलतं कोण, हे कधीही विचारू नका. उत्तर आपल्याच खिशातून निघतं. सकाळी गाडी स्टँडवरून हलली रे हलली की सुरू: "कुठलोक आला बे?" पुढच्या फाट्यावरून दुसरा: "दोन सीटा ठेवजो, बाई आहे संगं." तिसऱ्याला फवारणीचं औषध आणायचं असतं, आणि कंपनीचं नाव तो फोनवर तीनदा उच्चारून दाखवतो. चौथ्याला आज जिनिंगवर कापसाला काय भाव निघाला ते पाहिजे. मालकाला डिझेल किती टाकलं ते पाहिजे. घरून विचारणा, जेवायला येता का. आणि उचलला नाही तर? पुन्हा. तरी नाही उचलला तर पुन्हा, आता दुसऱ्याच्या फोनवरून. संध्याकाळी स्टँडवर त्याच्याच तोंडावर: "लय मोठा झाला रे तू, फोन उचलत नाही." अहो, तो गाडी चालवत होता! त्याचा धंदाच असा की फोन उचलला नाही तर तुमची सीट मागचा उचलतो. वरुड–मोर्शीच्या संत्र्याच्या गाडीमागे तर व्यापारी दर तासाला हात धुऊन लागलेला: कुठं पोचला, कुठं पोचला. निघताना व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन एकदा चालू केलं की आठ तास आपोआप दिसतं, गाडी नकाशावर मुंगीसारखी सरकताना दिसते. पण त्यानं व्यापाऱ्याचं पोट भरत नाही, त्याला आवाज ऐकायचा असतो. रात्री दोन वाजता, घाटात, भरल्या गाडीवरचा आवाज. आणि मग दंड कोणाला? ड्रायव्हरला. परवाना कोणाचा जातो? ड्रायव्हरचा. फोन करणाऱ्याचं नाव ना चलानवर, ना पंचनाम्यात. तो बसतो पानठेल्यावर, "आजकालचे ड्रायव्हर लय बेकार" म्हणत.

आणि तक्रार करायला निघालं की म्हणायचं, "लेकराबाळाचा माणूस आहे, रोजी जाईल त्याची." मग मागे कोंबून बसलेले काय सगळे सडाफटिंग आहेत? त्यांची लेकरं कोणाच्या भरवशावर आहेत? काळीपिवळीवाल्याची रोजी एका तक्रारीनं कायमची जात नाही, पहिल्या वेळी बहुतेक दंड भरून सुटतो तो. कायमची जाते ती कोणीतरी मेल्यावर. तेव्हा भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागतं, पाच वर्षांपर्यंतची शिक्षा असते, आणि गाडी, घर, वावर सगळं त्यात जातं. त्याच्यावर खरी दया असेल तर आजच तक्रार करा, 2,000 च्या आसपास सुटू द्या त्याला. आणि हेही ऐकून ठेवा: असा गुन्हा दाखल झाला की पोलीस कॉलचे तपशील काढू शकतात. शेवटचा कॉल कोणाचा, किती वाजता, किती सेकंद. तुमचा नंबर असतो त्यात, सेकंदासकट. मग कोर्टात सांगाल काय, "सीट विचारत होतो"?

आपल्याले काय करा लागते? हे करा लागते. गाडीत तोंड उघडा: "भाऊ, बाजूले घे, बोलून घे, मंग चाल." एकट्यानं म्हटलं तर तो हसतो. आठ सीटा एकदम बोलल्या की थांबतो, कारण भाडं उतरताना द्यायचं असतं आणि ते अजून तुमच्याच खिशात आहे. नाही थांबला तर पुढच्या फाट्यावर उतरा, नंबर घ्या, अर्ज द्या. आणि फोन तुम्हीच लावला असेल तर तिकडून इंजिनचा आवाज आला की "थांबल्यावर लाव" म्हणून ठेवून द्या. सीट नाही मिळाली तर नाही मिळाली. मागून दुसरी गाडी येते.