‘एक लघुउद्योजक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्लेटिंग (वस्तूंवर धातूचा मुलामा देण्याचं काम) करणाऱ्या कामगारांच्या हातांवर निकेल हा धातू किती लागतो, याची तपासणी व्हावी, या माझ्या लेखावर आपण तीन वाक्यं लिहिलीत: कारखान्यातल्या हवेतल्या निकेलचा रिपोर्ट मर्यादेत असला की पुरे. निकेल काय, बायकांच्या कानातल्यांतही असतं. आणि ‘एसीत बसून कारखानदारांना अक्कल शिकवणं सोपं असतं.’

कानातल्यांचं मान्य. खोट्या दागिन्यांमुळे निकेलची ॲलर्जी होते, कोणताही त्वचारोगतज्ज्ञ हे सांगेल.

आता एसीचं. माझे वडील भोसरीत एका प्लेटिंग शॉपमध्ये निकेलच्या टाकीवर होते. शॉपचं नाव घेत नाही, मालक आता हयात नाहीत. वडिलांच्या बोटांच्या बेचक्यांत इतक्या भेगा असायच्या की कालवणाचं मीठ लागलं की ते हात झटकायचे. शेवटी आई त्यांना भात कालवून चमच्याने खायला द्यायची. मालक म्हणायचे, ‘साबण बदलून बघ.’ आपल्या प्रतिक्रियेचा सूर वाचला आणि तो साबण आठवला, एवढंच.

मी स्वतःही सेफ्टीत नोकरी केलीय. कामगारांच्या कॉलरला हवेचे नमुने घेणारे सॅम्पलिंगचे पंप अडकवत शॉपफ्लोअरवर हिंडलोय. तिथे एसी नव्हता, साहेब. पंखाही चालू असला तर नशीब. समोरचा माणूस कोण, कुठून आला, हे न विचारता त्याला खुर्चीत बसवून टाकायचं, ही कुठली रीत?

हवेच्या रिपोर्टवर फार वेळ घालवत नाही. पंप नाकापाशी येणारी हवा मोजतो. वस्तू टांगायचे रॅक नि जिग, ओला हातमोजा यांतून हाताला लागणारं निकेल त्याला दिसत नाही. डायमिथिलग्लायॉक्सिम (निकेल ओळखणारं रसायन) आणि अमोनिया घेतलेला कापसाचा बोळा अंगठ्यावर घासा. गुलाबी झाला तर निकेल आहे. एकदा ॲलर्जी जडली की मग थोडंसं निकेलही पुरतं, आणि ती सहसा जन्मभर राहते. रसायनांच्या संपर्काने होणारा त्वचादाह १९४८च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता, आणि २०२५मध्ये त्या कायद्याची जागा घेणाऱ्या संहितेच्या यादीतही आहे, म्हणजे तो सरकारला कळवणं बंधनकारक. क्रोमने (प्लेटिंगमधल्याच दुसऱ्या धातूने) पडणारे व्रणही त्याच यादीत. ही यादी मी केलेली नाही.

‘कामगारच हातमोजे घालत नाहीत’ हे तर आपण कंसात टाकलंय. आतून भिजलेला, फाटका मोजा दिवसभर घालून बघा, मग बोलू.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच प्रसिद्ध करीन.