काका, स्टेडियम फुल असतं तरी हेच झालं असतं

काका, तुमची कमेंट दोनदा वाचली, पहिल्यांदा राग आला म्हणून दुसऱ्यांदा वाचली. उत्तर लांबलं म्हणून इथे वेगळं टाकतेय. ज्यांनी कमेंट बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, मँचेस्टर सिटीची मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी हा आपला फुटबॉल क्लब सोडल्यावर मी जे लिहिलं ते काकांना रडगाणं वाटलं. त्यांचं म्हणणं असं की त्या लोकांनी सहा वर्षं पदरचे पैसे घातले, चार ट्रॉफ्या आणून दिल्या, तुम्ही मात्र अंधेरीला मॅचला फिरकत नाही आणि मध्यरात्री जागून मँचेस्टर बघता, मग तोट्याचा धंदा कुणी का करावा. आणि शेवटचा टोला, मुंबईची महिंद्रा युनायटेड ही टीम बंद पडली तेव्हा तुम्ही कुठे होतात?

आधी जिथे चुकले ते. 'पळ काढला' असं मी लिहिलं होतं, तो शब्द मागे घेते. लीग होणार की नाही हेच कुणाला माहीत नसताना ते निघाले, आणि 26 डिसेंबर 2025 च्या निवेदनात तसं स्पष्ट लिहिलंय. 65 टक्के हिस्सा होता, तो गेला, आता क्लब परत जुन्या मालकांकडे आहे. आणि खुर्च्या रिकाम्या असतात हेही खरं, मी स्वतः डोंबिवलीहून निघून घाटकोपरला मेट्रो पकडून आझादनगरला उतरते तेव्हा वर्किंग डेच्या मॅचला किक-ऑफ चुकतोच, निम्म्या वेळा पहिला गोल मी गेटवर पर्स चेक करून घेताना फक्त ऐकलेला असतो.

पण काका, तुमचा हिशोब मला पटत नाही. शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात सात हजार माणूस बसतं असं धरू. सरासरी तिकीट 300 रुपये, आणि मी हे जास्तच धरतेय कारण फुकट पास किती वाटले जातात ते तुम्हालाही माहितीये. सीझनला घरच्या मॅचेस 12. एकही खुर्ची रिकामी न ठेवता, एकही पास न वाटता किती झाले? दोन कोटी 52 लाख. आयएसएलमधे, म्हणजे इंडियन सुपर लीगमधे, कित्येक सीझन टीमच्या पगाराची मर्यादाच 16.5 कोटी होती, आणि त्यात कोच नाही, प्रवास नाही, हॉटेलं नाहीत, ग्राऊंडचं भाडं नाही, वर लीगला द्यायची फ्रँचायझी फी वेगळी. म्हणजे आम्ही सगळे शहाण्यासारखे दर मॅचला आलो असतो तरी खेळाडूंच्या पगारातला दोन महिन्यांचाही पगार निघाला नसता. तोटा आमच्या न येण्यातून आलेला नाही, तो पहिल्या दिवसापासून बजेटमधेच होता आणि मालकांना तो माहीत होता.

तरी पटत नसेल तर कोलकात्याकडे बघा. ईस्ट बंगालला माणसांची कमी आहे का हो? सॉल्ट लेक स्टेडियमला मोहन बागानशी डर्बी असली की ट्रेन भरभरून लोक येतात. तरी त्यांच्याकडे पैसे घालायला 2018 ला क्वेस कंपनी आली आणि दोन वर्षांत गेली, मग श्री सिमेंट आली, तीही दोन वर्षांत गेली, मग इमामी आली. शंभर वर्षं जुना क्लब, लाखो सपोर्टर, आणि दर दोन वर्षांनी यंदा पैसे कोण भरणार म्हणून वाट बघत बसायचं. मग आमच्या सात हजार खुर्च्यांवर कसलं खापर फोडता.

खरा घोळ वरच्या मजल्यावर आहे. भारतीय फुटबॉल फेडरेशनने 2010 मधे व्यावसायिक हक्क 15 वर्षांसाठी एकाच पार्टीला दिले, त्यातूनच पुढे एफएसडीएल ही लीग चालवणारी कंपनी आणि आयएसएल आली. फेडरेशनला वर्षाला 50 कोटी मिळत होते आणि सगळं त्यावर चाललं होतं. तो करार 8 डिसेंबर 2025 ला संपणार हे सही केली त्या दिवसापासून कागदावर होतं. दिवाळी कधी येणार ते कॅलेंडरवर छापलेलं असताना फराळाचं सामान आणायला पाडव्याच्या दिवशी बाहेर पडावं तसं यांनी केलं. जुलैत एफएसडीएलने सीझन थांबवला, ऑगस्टमधे बेंगळुरू क्लबने सीनियर टीमचे पगारच थांबवले, मग त्या हक्कांचं नवं टेंडर निघालं, वर्षाला किमान साडेसदतीस कोटी, आणि नोव्हेंबरमधे पाहिलं तर बोली लावायला एकजण नाही. एकसुद्धा नाही! मग जानेवारी 2026 मधे क्रीडामंत्र्यांनी 14 फेब्रुवारीची तारीख दिली, प्रत्येकाशी एकदाच खेळायचं, 14 टीम, 91 मॅचेस. अर्ध्या मापाची लीग, पण ठरली हे नशीब.

मग माझी तक्रार नेमकी काय, असं विचाराल. तोटा होतोय म्हणून नाही. तक्रार ही आहे की क्लब कुठल्या दिशेने चाललाय ते आम्हाला कधीच कुणी सांगत नाही, आम्ही ते ट्रान्सफरच्या बातम्यांवरून ओळखायचं. 4 मे 2024, सॉल्ट लेक, मोहन बागानला त्यांच्याच घरात 3-1 हरवून कप घेतला आपण, आणि त्याच उन्हाळ्यात अपुइया त्याच मोहन बागानला गेला, भेके बेंगळुरूला गेला. पुढच्या वर्षी बिपिन ईस्ट बंगालला. बिपिन, काका! ज्याने 2021 च्या फायनलला 90व्या मिनिटाला गोल मारून आपल्याला पहिला कप दिला तो. खेळाडू येतात जातात, कळतं मला, पण पैसा आखडता घेतलाय, पुढची दोन वर्षं तरुण पोरांवर काढू, असं एक वाक्य सरळ सांगितलं असतं तर आम्ही काय मोर्चा काढणार होतो का? उलट ऐकून घेतलं असतं. कंपनीचे ताळेबंद सरकारी साईटवर शंभर रुपये भरून कुणालाही बघता येतात, म्हणजे गुपित असं काही नाहीच, फक्त आपल्याच माणसांना सांगायची पद्धत नाही.

त्या 2021 च्या कपचं तर अजून वाईट वाटतं. कोव्हिडमुळे सगळा सीझन गोव्यात, रिकाम्या स्टेडियममधे. फातोर्ड्याला बिपिनने मारला तेव्हा स्टँडमधे आपलं एक माणूस नव्हतं. मी घरी टीव्हीसमोर ओरडले आणि बाबा आतून विचारत होते काय पडलं म्हणून. बाकी कुणी बघितलंच नाही.

'तुम्ही मँचेस्टर बघता' हा टोमणा मात्र अर्धा मान्य. नोव्हेंबर 2023 ला सौदीची अल हिलाल नेरूळला डी. वाय. पाटीलवर आली होती, त्यांचा नेमार दुखापतीमुळे आलाच नव्हता तरी माझ्या पुढच्या रांगेत एक अख्खं कुटुंब नेमारचे शर्ट घालून बसलेलं, सांताक्लॉजला भेटायला मॉलमधे जावं तसं. 0-2 हरलो. पण त्यातलं धाकटं पोरगं दुसऱ्या हाफला आमच्या ड्रमवाल्यांच्या मागे येऊन उभं राहिलं आणि शेवटपर्यंत हललं नाही. पुढे ते कधी अंधेरीला आलं का, माहीत नाही.

आता महिंद्रा. कुठे होतात म्हणता, 2010 ला मी नववीत होते काका, कुपरेजचं फुटबॉल मैदान फक्त बेस्टच्या खिडकीतून बघितलेलं. पण तुम्ही काढलेला हा मुद्दा खरं म्हणजे माझ्याच बाजूचा आहे. महिंद्राने 2005-06 ची नॅशनल लीग जिंकली होती, ड्युरंड कप तीन वेळा, मागे एवढी श्रीमंत कंपनी, परदेशी मालक नाही, तरी एका निर्णयात टीम बंद. मग मुंबई एफसी गेली. पुण्यात पुणे एफसी आय-लीगमधे, म्हणजे आयएसएलच्या आधीच्या मुख्य लीगमधे, दुसरी आली होती, तीही गेली, डीएसके शिवाजियन्स गेली, एफसी पुणे सिटी 2019 ला गेली, तिची जागा हैदराबादला मिळाली आणि 2025 मधे तो हैदराबादचा क्लब दिल्लीला हलवला. बालेवाडीला केशरी शर्ट घालून ओरडलेल्या माणसाने आज नेमकं कुणाला सपोर्ट करायचं? गोव्यात 2016 ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, आणि धेंपो तर पाच वेळचे चॅम्पियन. जिंकून क्लब वाचत नाही, गर्दी करून वाचत नाही, स्वदेशी मालक असूनही वाचत नाही. म्हणून मला प्रत्येक वेळी मालकाचे आभार मानायला सांगू नका.

कोल्हापूर बघा हवं तर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, तालमीच्या टीमा या. शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ तिथे. तिथेही पैशाची ओढाताण आहे, भांडणं तर विचारू नका, पण पाटाकडील उद्या दिल्लीला हलवतो म्हणायची कुणाची टाप आहे का? कारण टीम पेठेची आहे. आपल्या क्लबाकडे स्वतःचं ग्राऊंडसुद्धा नाही, अंधेरीचं संकुल महापालिकेचं.

जुन्या मालकांकडे क्लब परत आलाय तर एवढंच मागणं आहे की सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा सपोर्टर्सना बोलवा आणि यंदा किती खर्च करू शकतो ते सांगा. कमी असला तर कमी सांगा.

आणि काका, तुम्ही कुपरेजला जायचात असं कमेंटमधे ओझरतं लिहिलंय. महिंद्राची शेवटची मॅच बघितली होती का तुम्ही? तेव्हा स्टँडमधल्या लोकांना माहीत होतं का ही शेवटची आहे म्हणून? खाली लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.